सव्वापट वजनाची चाचणी

"अहो, तुमचा लॅपटॉप गेम खेळायला चालेल का?"

एवढाच प्रश्न. गुरुवारची संध्याकाळ, बायको दाराशी चपला काढतेय आणि नवरा पेपर वाचतोय, अशा वेळी घरोघरी विचारतात तसला. एखाद्या साध्या नवऱ्याने "चालेल की" म्हटलं असतं, किंवा "मला काय कळतंय त्यातलं" म्हणून पुन्हा पेपरात डोकं घातलं असतं. दोन्ही उत्तरांनी संसार सुखाचा होतो. पण आमचे सव्वापटराव साधे नवरे नाहीत, ते लिफ्ट तपासनीस आहेत. त्यांनी पेपराची नीट घडी घातली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले,

"तपासून सांगतो."

झालं! पुढचे तीन दिवस त्या घरात जे काही घडलं, ते सगळं या दोन शब्दांमुळे घडलं.

सव्वापट हे काही त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते खात्याने दिलेलं आहे. कुठल्याही लिफ्टला मंजुरी देण्याआधी तिच्यात ठरलेल्या वजनाच्या सव्वापट वजन भरून ती वरखाली करून बघायची, हा त्यांच्या खात्याचा नियम. आठ माणसांची लिफ्ट असेल तर दहा माणसांच्या वजनाची लोखंडी वजनं आत रचायची. बाकीचे तपासनीस कधीकधी "राहू दे हो, दिसतेय धडधाकट" म्हणून सही ठोकतात. यांनी बावीस वर्षांत एकदाही तसं केलेलं नाही. ऑफिसात जे केलं नाही ते घरी तरी कशाला करतील? नवी खुर्ची आणली की हे मांडीवर शिलाई मशीन घेऊन तिच्यावर दहा मिनिटं बसतात. (एक खुर्ची मोडली. "बघ, वेळेवर कळलं," असं ते जमिनीवरूनच म्हणाले.) गेल्या वर्षी मिक्सरमधून एक ठिणगी उडाली, तर यांनी घराचा मेन स्विच खाली ओढला, त्याला ऑफिसचं कुलूप घातलं आणि चिठ्ठी लावली, 'नादुरुस्त. वापरू नये.' कारण सापडेपर्यंत घर दीड दिवस अंधारात होतं. वास आला, ठिणगी दिसली, की आधी मेन स्विच, मग कुलूप आणि मग विचार, हा त्यांचा क्रम. विचाराचा नंबर तिसरा लागतो, ही यातली खरी मेख.

आता बायकोचं सांगतो. ती एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनिस्ट. सोळा वर्षं एकाच टेबलाशी बसलेली. येणारा प्रत्येक माणूस गालावर हात धरून येतो आणि तिच्याकडे बघतच नाही, तिच्यामागच्या बंद दाराकडे बघतो. "मला आधी सोडा," "माझं दोनच मिनिटांचं काम आहे," "मी डॉक्टरांचा मित्र आहे." आणि ही बाई कुणालाही न दुखावता, आवाज न चढवता, एकेकाला बाकावर बसवून ठेवते. या कलेला जगात काही किंमत असेल असं तिला वाटलं नव्हतं. मग वर्षभरापूर्वी भाच्याने तिला कॉम्प्युटरवर एक गेम दाखवला. पाच जणांनी मिळून एक किल्ला राखायचा, दुसऱ्या पाच जणांनी तो घ्यायचा. चाळीस मिनिटं दार टिकलं की राखणारे जिंकले.

"म्हणजे अपॉइंटमेंट नसलेल्याला आत सोडायचं नाही, एवढंच ना?" तिने विचारलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली. त्या दिवसापासून तिच्या दारातून एक माणूस आत गेलेला नाही.

तिच्या संघात आणखी चौघं होती. कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, नुसते कानातले आवाज. त्यातला एक औषधाच्या दुकानवाला सगळ्यात बोलका. चौघंही हिला मावशी म्हणत आणि अडचण आली की "मावशी, आता काय करायचं?" असं विचारत. सोळा वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. (घरात विचारतात, पण तो "मावशी" असा सुरू होत नाही आणि बहुतेक मोज्यांबद्दल असतो.) तर हा संघ जिंकत जिंकत स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत आला होता. सामना रविवारी दुपारी चार वाजता. आणि बुधवारी घरातला जुना कॉम्प्युटर फुस्स असा आवाज करून कायमचा गप्प झाला.

म्हणून तो प्रश्न. लॅपटॉप चालेल का?

शुक्रवारी बायको कामावर गेली आणि सव्वापटरावांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. लॅपटॉप तसा बरा होता. पाच वर्षांचा, स्वभावाने गरीब. आजवर त्याच्यावर तपासणी अहवालांपलीकडे काही चाललं नव्हतं. रावांनी आधी तो उलटा करून क्षमतेची पाटी शोधली. आठ माणसं, इतके किलो, असं काही लिहिलेलं नव्हतं. हा पहिला शेरा वहीत गेला. मग गेमला काय काय लागतं ते वाचलं. मेमरी आठ हवी होती, लॅपटॉपात बरोब्बर आठ होती.

दुसऱ्या कुणीही म्हटलं असतं, वा, जमलं! रावांच्या कपाळाला आठी पडली. आठ म्हणजे नुसतं ठरलेलं वजन, वरच्या पाव भागाचं काय? त्यांनी गेम सुरू केला आणि पाव भाग भरायला घेतला. एक सिनेमा लावला. पाठोपाठ रेडिओ. मागच्या तीन वर्षांचे चाळीस अहवाल एकदम उघडले. हा पाव भाग भरला की नाही याची खात्री वाटेना, म्हणून आणखी एक सिनेमा लावला आणि स्टूल ओढून घड्याळ घेऊन बसले.

लॅपटॉप सुरुवातीला नुसता गुणगुणत होता. चौथ्या मिनिटाला धापा टाकायला लागला. सातव्या मिनिटाला पहिल्या सिनेमातला नायक तोंड उघडून तसाच थांबला. अकराव्या मिनिटाला पडदा निळा झाला, मग काळा, आणि खोलीत एकदम इतकी शांतता पसरली की रावांना स्वतःच्या हातातलं घड्याळ ऐकू यायला लागलं.

बायको संध्याकाळी आली तेव्हा लॅपटॉपच्या झाकणाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती. 'नादुरुस्त. वापरू नये.'

"हे काय?" तिच्या हातातली पर्स तशीच राहिली.

"चाचणी घेतली. सव्वापट वजन पेलत नाही."

"अहो, मला सव्वापट कुठे हवंय? मला एकपट पुरे आहे!"

"तसं नसतं. एकपट वजनावर सगळंच चालतं. लिफ्ट पडते तेव्हा—"

"मी लिफ्टमध्ये बसणार नाहीये! मी खुर्चीत बसून गेम खेळणार आहे!" मग तिचा आवाज एकदम खाली आला, आणि रावांना खरी भीती वाटली ती तेव्हा. "परवा चार वाजता ती चार माणसं माझी वाट बघतील. मी नाही आले तर संघ बाद. एकोणीस वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलंय? नाही ना? मग रविवारी चार ते पावणेपाच एवढंच द्या मला. बाकी सगळी वर्षं तुमचीच आहेत."

रात्री जेवताना रावांनी दोनदा मीठ मागितलं, दोन्ही वेळा मीठ समोरच होतं.

शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी ते लॅपटॉप काखेत मारून दुरुस्तीवालीच्या पायरीवर हजर. ती बाई डोळ्याला भिंग लावून बसायची आणि गिऱ्हाइकाकडे न बघता बोलायची. तिने खालचं झाकण उघडलं, आतून धुळीचा एक गोळा काढून टेबलावर ठेवला.

"काय केलंत याचं?"

रावांनी सांगितलं. दोन सिनेमे म्हटल्यावर तिने भिंग काढून पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघितलं.

"वैर होतं का काही?"

"गेम खेळायला चालेल का, एवढंच सांगा," राव कळवळून म्हणाले. "लेखी मिळालं तर बरं."

"चालेल. तापेल, पण चालेल. खालून हवा खेळती राहू दे. आणि चार्जर काढू नका. याची बॅटरी नुसती शोभेची राहिलीय. वीज गेली की हा त्याच क्षणी बंद." तिने झाकण लावलं. "आणखी एक. चाचणी बास!"

"नाही घेत."

"शब्द द्या."

रावांनी शब्द दिला.

रविवारी साडेतीनला सगळी सिद्धता झाली. लॅपटॉप चार उपड्या कपांवर, म्हणजे खालून हवा. शेजारी टेबलफॅन. चार्जरची वायर भिंतीला चिकटपट्टीने बसवलेली, कुणाचा पाय अडकायला नको. हे सगळं रावांनीच केलं, आणि खरं सांगायचं तर नीट केलं. बायकोने एकदा सगळीकडे नजर फिरवली, तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं आणि ती म्हणाली,

"छान झालंय. आता तुम्ही एकच काम करायचं."

"सांग."

"काहीही करायचं नाही. पावणेपाचपर्यंत काहीही नाही. जमेल?"

"न जमायला काय झालं?" राव म्हणाले. (बावीस वर्षांत त्यांनी न तपासता बोललेलं वाक्य सापडायचं नाही. हे एक सापडलं.)

नियम कडक होता. कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला तर पाच मिनिटांत परत यायचं. पाच मिनिटं आणि एक सेकंद झाला की अख्खा संघ बाद, किल्ला शाबूत असला तरी. बायकोने हे त्यांना दोनदा सांगितलं होतं. त्यांनी वहीत लिहून घेतलं होतं.

चार वाजले. बायकोने कानाला हेडफोन लावले, पाठ ताठ केली आणि पडद्यावर तिची ती छोटीशी बाई भाला घेऊन दारात उभी राहिली.

पहिली दहा मिनिटं राव स्टुलावर हात मांडीखाली दाबून बसले. पंख्याचा आवाज, बायकोचे तुटक शब्द. "डावीकडे बघ... येऊ दे त्याला... बसा, बसा जरा." ती शत्रूलाही बसा म्हणत होती. अकराव्या मिनिटाला लॅपटॉप गुणगुणायला लागला आणि रावांच्या अंगावर काटा आला, कारण शुक्रवारी सुरुवात अशीच झाली होती. त्यांना राहवेना. ते हळूच उठले, औषधाच्या पेटीतून ताप बघायचा थर्मामीटर आणला आणि लॅपटॉपच्या बगलेत धरला.

"एकोणचाळीस पॉइंट दोन," ते कुजबुजले.

"गप्प बसा."

"चाळीस पॉइंट सहा."

"अहो!"

पुढचा आकडा दाखवायला थर्मामीटरने नकार दिला. राव पुन्हा स्टुलावर येऊन बसले. कपाळावर घाम. वीस मिनिटं. पंचवीस. शत्रूचे पाचही जण आता एकदम दारावर येत होते आणि बायको एकेकाला परतवत होती. तिच्या कपाळावरची बट घामाने चिकटली होती, ती बाजूला करायलाही तिला हात मोकळा नव्हता. राव तिच्याकडे बघत राहिले. एकोणीस वर्षांच्या संसारात हिला असं बघितलंच नव्हतं. कुणाच्या परवानगीची वाट न बघता हुकूम सोडणारी. त्यांचा ऊर भरून आला. आपणही हिच्यासाठी काहीतरी करावं असं त्यांना फार फार वाटलं.

इथे त्यांनी थांबायला हवं होतं. थांबले नाहीत. ते चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात गेले आणि बायकोसाठी चहा टाकला. नुसता चहा, एवढ्याने काय बिघडतंय? गाळणी काढून शेगडीपाशी ठेवली. तेवढ्यात बाहेरून बायको ओरडली, "दार! दार सांभाळा!" आणि राव चहा विसरून बाहेर धावले. जणू काही दार त्यांनाच सांभाळायचं होतं.

बत्तीस मिनिटं. राव आता उभे होते. तेहेतीस. आणि त्यांच्या नाकाला वास आला.

जळका वास. प्लास्टिकचा. वायर जळते तेव्हा येतो तो, नेमका तोच.

पुढचं सगळं त्यांच्या हातापायांनी केलं. त्यात त्यांचा स्वतःचा काही भाग नव्हता, असं ते अजूनही शपथेवर सांगतात. पाय दाराजवळच्या विजेच्या फळीपाशी गेले. उजव्या हाताने मेन स्विच खाली ओढला. डाव्या हाताने खिळ्याला लटकलेलं ऑफिसचं कुलूप काढून स्विचच्या कडीत घातलं आणि दाबलं. खट्‌. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. यांची त्यानंतरही जाईल अशी मला आशा नाही.

पंखा फिरता फिरता थांबला. पडदा काळा झाला.

बायकोने सावकाश हेडफोन काढले. सावकाश मान वळवली. तिने मेन स्विचकडे बघितलं, कुलुपाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"उघडा."

"वास—"

"उघडा!"

तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन वाजला. तिने नजर न हलवता तो उचलून स्पीकरवर टाकला. औषधवाल्याचा आवाज खोलीभर झाला. "मावशी! मावशी, तुम्ही गेलात! साडेचार मिनिटं राहिली, मावशी!"

"मी येते," ती म्हणाली. "तू फोन ठेवू नकोस. वेळ सांगत राहा." मग नवऱ्याला, "किल्ली?"

"कारण सापडल्याशिवाय कुलूप काढता येत नाही," राव म्हणाले. त्यांचा आवाज चिरका झाला होता, पण नियम तोंडातून बाहेर पडलाच. "वास अजून येतोय. आत कुठेतरी वायर—"

बायकोने एकदाच नाक वर करून श्वास घेतला आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. दोन सेकंदांत तिथून आवाज आला, "या. कारण बघून घ्या."

शेगडीवर चहाचं भांडं काळंकुळकुळीत होऊन तडतडत होतं. शेजारी प्लास्टिकच्या गाळणीचा दांडा वितळून शेगडीला चिकटला होता. बायकोने गॅस बंद केला.

"मेन स्विचने गॅस बंद होत नाही," ती म्हणाली. रागावून नव्हे. नुसती माहिती दिल्यासारखी. रागावली असती तर बरं झालं असतं.

"चार मिनिटं, मावशी!"

"किल्ली," ती म्हणाली.

नियम असा की कुलूप ज्याने लावलं, किल्ली त्याच्याच उजव्या खिशात. रावांनी उजव्या खिशात हात घातला. हात सरळ मांडीवरून खाली घसरला. घरातल्या पायजम्याला खिसाच नव्हता.

"ऑफिसच्या पँटमध्ये!" ते खोलीत धावले. कपाटातली करडी पँट उलटी केली. त्यातून रुमाल निघाला. तपकिरी पँटमधून पेनाचं टोपण. बॅग पालथी केली. तीन वर्षांचे अहवाल जमिनीवर पसरले आणि त्यांच्यावरून राव घसरले.

"साडेतीन मिनिटं! मावशी, एक गंमत आहे—"

"गंमत नंतर सांग." बायको खोलीच्या दारात उभी. आवाज एकदम दवाखान्यातला झाला, दाढदुखीच्या माणसाशी बोलताना येतो तो. "घाबरू नका. नीट आठवा. किल्ली शेवटची कधी वापरली?"

"शु... शुक्रवारी. सकाळी एका लिफ्टला."

"शुक्रवारी कुठली पँट होती?"

"निळी."

"निळी मी काल धुतली."

"मेलो!" राव जमिनीवरच बसले.

"मेला नाहीत. धुण्याआधी खिशातलं मी कुठे ठेवते?"

एकोणीस वर्षं झाली तरी हे रावांना माहीत नव्हतं.

"फ्रिजवरच्या बरणीत," ती म्हणाली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! रावांनी बरणी जमिनीवर उपडी केली. बटणं, स्क्रू, बसची तिकिटं आणि किल्ल्या. एक नव्हे, अकरा. सगळ्या एकाच मापाच्या. खात्याची अकरा कुलपं, अकरा किल्ल्या, प्रत्येकीवर बारीक आकडा. आणि चष्मा लॅपटॉपच्या टेबलावर.

"अडीच मिनिटं!"

"कुलपावर कुठला नंबर?"

"सात... सात असावा."

"असावा?"

"सात!" राव ओरडले. तपासून बघायला वेळ नव्हता. बायकोने गुडघ्यांवर बसून किल्ल्या भराभर चाळल्या, एक उचलली, फळीपाशी गेली. किल्ली आत गेली. फिरली. तिने कुलूप काढून रावांच्या हातात दिलं आणि स्विच वर ढकलला. पंखा फिरायला लागला.

"एक मिनिट पन्नास!"

लॅपटॉप जागा व्हायला लागला. पडद्यावर ते गोल गोल चक्र. राव त्याच्यासमोर हात जोडून उभे. वायफायच्या डब्यावर अजून एकच दिवा लागला होता. त्याला जागं व्हायला तीन मिनिटं लागतात हे दोघांनाही ठाऊक होतं.

"तुमचा फोन," बायको हात पुढे करून म्हणाली. रावांनी दिला. तिने त्याच्यावरचं इंटरनेट लॅपटॉपला जोडलं. एक मिनिट. चक्र फिरतंय. चाळीस सेकंद. लॅपटॉप धापा टाकायला लागला. रावांनी वाकून त्याच्या कानाशी, म्हणजे कान असलाच तर जिथे असेल तिथे, तोंड नेलं आणि म्हणाले, "बाबा रे, माझं चुकलं. परवाचं मनात ठेवू नकोस."

"वीस सेकंद! मावशी! पंधरा!"

गेम उघडला. दार दिसलं. अकरा... नऊ... पडद्यावर पुढे जायचं बटण आलं. बायकोने ते दाबलं. सहा... पाच...

छोटी बाई भाला घेऊन हलली.

"आल्या! मावशी आल्या!" औषधवाल्याच्या आवाजाने फोन टेबलावर थरथरला.

आणि तेव्हा दोघांच्या लक्षात आलं की किल्ल्याचं दार जसंच्या तसं आहे. पाच मिनिटं दाराशी पुतळाच उभा होता, एकाही शत्रूने त्याला हात लावला नव्हता. पाचही जण थोड्या अंतरावर घोळका करून नुसते उभे.

"तीच तर गंमत सांगत होतो," औषधवाला म्हणाला. "तुम्ही जराही हलत नव्हता ना! तेहेतीस मिनिटं तुम्ही त्यांना जवळ फिरकू दिलं नाही, आणि अचानक एकदम स्तब्ध. त्यांना वाटलं काहीतरी भयंकर डाव आहे. पुढे यायची कुणाची छातीच होईना!"

शेवटची दोन मिनिटं बायकोने पाचही जणांना हसतमुखाने बाहेर बसवून ठेवलं. चाळीस मिनिटं झाली. पडद्यावर फटाके उडाले आणि हेडफोन टेबलावर असूनही त्यातला आरडाओरडा खोलीत ऐकू आला. बायको मागे टेकली. ती रडत होती, हसत होती आणि केसांची ती बट एकदाची कानामागे सारत होती.

"मावशी, तो पुतळ्याचा डाव ठरवून केलात?" फोनमधून प्रश्न आला.

"मी नाही," ती म्हणाली. "आमच्या घरात एक जण आहे, त्यांनी केला."

राव जमिनीवरचे अहवाल गोळा करत होते. ते थांबले. छाती जराशी पुढे आली. घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली, "म्हणजे तसं पाहिलं तर, आपण जिंकलो ते माझ्या—"

बायकोने नुसतं बघितलं. पुढचे शब्द आतल्या आत विरले.

तिने फोन ठेवला. मग टेबलावरची रावांची तपासणीची वही ओढली, त्यातला एक कोरा छापील अर्ज फाडून घेतला आणि लिहायला बसली. सोळा वर्षं अर्ज भरून घेतलेली बाई, अक्षर मोत्यासारखं. राव मागून डोकावत होते. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, 'लॅपटॉप. गेम खेळायला चालतो. मंजूर.' रावांच्या जिवात जीव आला.

खाली दुसरी ओळ होती. 'नवरा. गेम चालू असताना नादुरुस्त. वापरू नये. पुढच्या सामन्याच्या दिवशी ऑफिसात ठेवावा.'

तिने कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि पेन दिलं. "तपासनिसाची सही लागते ना? करा."

रावांनी चष्मा चढवला आणि कागद दोनदा वाचला. नियमाप्रमाणे सगळे रकाने भरलेले होते. तरीही बावीस वर्षांचा तपासनीस तो, अशी सही कशी करेल?

"चाचणी कुणी घेतली?" त्यांनी विचारलं.

"मी."

"किती मुदतीची?"

"एकोणीस वर्षांची."

"वजन किती होतं?"

"सव्वापट," बायको म्हणाली.

रावांनी मुकाट्याने सही केली.